आजीचे कपाळ कोठे गेले?

पेठ वडगावच्या नववीतील एका मुलाची ही हकीकत आहे. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा तो चांगल्या श्रेणीत पास झाला होता आणि इंटरमिजिएटची तयारी करीत होता. सुट्टीच्या दिवशी त्याने आजीचे चित्र काढावयास घेतले. आजी सोप्यातल्या कट्ट्यावर भिंतीला टेकून बसली होती. हा खाली पायरीवर, तिच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर बसला आणि मान वर करून पाहत पाहत दोन तास खपला. चित्र पुरे झाल्यावर आजीने ते हातात घेतले आणि ती म्हणाली, "हनवटी परातीएवढी आनि कपाळ नखाएवढं! मी कुकू लावू कुठं रं?"

घरची सगळी हसली. मुलाने वही मिटली आणि परीक्षेला बसायचे नाही, असे ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, तो नाव काढून घेण्यासाठीच. त्याचा चित्रकलेचा शिक्षक म्हणून मी ते चित्र पट्टी लावून तपासले. त्याने जे दिसले, तेच काढले होते. मग आजीचे कपाळ गेले कोठे?

सऱ्या कोठे मिळतात?

नुकती लागण झालेल्या उसाच्या रानाच्या बांधावर उभे राहा. सऱ्या एकमेकींना समांतर असतात. पण दूर पाहिले, की त्या जवळजवळ येत एका बिंदूत मिळाल्यासारख्या दिसतात. हातकणंगले स्टेशनातील रुळांचेही तसेच. असे का होते? एखादी वस्तू दुप्पट अंतरावर गेली, की ती निम्म्या आकाराची दिसते. दोन सऱ्यांमधील अंतर जागेवर तेवढेच असते, पण ते जितके दूर, तितके लहान दिसते. या रेषा चित्रात ज्या बिंदूत मिळतात, त्याला लोपबिंदू म्हणतात आणि डोळ्याला दिसते तसे चित्र काढण्याच्या या शास्त्राला यथार्थदर्शन.

आता एक खोके घ्या. खोक्याला कडांच्या तीन दिशा असतात : लांबी, रुंदी आणि उंची. यांपैकी जितक्या दिशा तुमच्या चित्राच्या प्रतलाला समांतर नसतील, तितके लोपबिंदू चित्रात येतात. खोके अगदी समोरून पाहिले, तर एक. कोपऱ्यातून पाहिले, तर दोन. कोपऱ्यातून पाहताना मान वर किंवा खाली केली, की उभ्या कडाही जवळ येऊ लागतात आणि तिसरा लोपबिंदू तयार होतो. गावातील पाण्याच्या टाकीच्या बुडाशी उभे राहून वर पाहा. तिचे खांब आकाशात एकमेकांकडे झुकलेले दिसतील.

डोके खोक्यात ठेवा

डोके काही चौकोनी नाही, हे खरे. तरी चित्र काढताना ते खोक्यात बसविले, तर सोपे जाते. मोठ्या माणसाच्या डोक्यासाठी सुमारे १५ सें. मी. रुंद, १९ सें. मी. खोल आणि २२ सें. मी. उंच असे पुठ्ठ्याचे खोके पुरते. माणसामाणसात थोडा फरक असणारच. खोक्याच्या पुढच्या बाजूवर चेहरा आखा. डोळे उंचीच्या बरोबर मध्यावर येतात. पुष्कळ मुले ते वर काढतात, म्हणून कपाळ तोकडे होते. डोळे आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर नाकाचे बूड येते.

कागदावर मात्र हे मध्य पट्टीने मोजू नका. खोके तिरपे दिसू लागले, की जवळचा अर्धा भाग मोठा आणि दूरचा लहान दिसतो. म्हणून पुढच्या बाजूचे दोन्ही कर्ण काढा. ते जेथे छेदतात, तो खरा मध्य. त्या छेदबिंदूतून रुंदीच्या लोपबिंदूकडे रेषा काढली, की ती डोळ्यांची रेषा झाली. ओठ, भुवया, कानांच्या वरच्या व खालच्या हद्दी, सर्व आडव्या रेषा त्याच बिंदूकडे जातील. एक गोष्ट ध्यानात ठेवा : मान एका बाजूला कलली असेल, तर हा बिंदू क्षितिजरेषेवर असणार नाही. क्षितिजरेषा ही पाहणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी. मान कलली, की डोक्याचे खोके त्या पातळीशी समांतर राहत नाही.

तिसरा बिंदू किती दूर?

आता आजीकडे वळू. मुलाचा डोळा तिच्या चेहऱ्यापासून सुमारे ४० सें. मी. अंतरावर होता आणि तो खालून पाहत होता. डोक्याचा उभा अक्ष त्याच्या चित्रप्रतलाशी ३० अंशांचा कोन करीत होता, असे धरू. डोक्याची उंची २२ सें. मी.; म्हणजे माथा हनुवटीपेक्षा ११ सें. मी. अधिक दूर. चेहऱ्याचा मध्य ४० सें. मी.वर, तर हनुवटी ३४.५ आणि माथा ४५.५ सें. मी.वर आला. ४५.५ ला ३४.५ ने भागा. उत्तर १.३२ येते. खोक्याची खालची कड वरच्या कडेच्या जवळजवळ सव्वापटीहून मोठी दिसली! आजीचे कपाळ गेले ते येथे.

आता तोच कोन ठेवून मुलगा मागे सरकून २ मीटर अंतरावर गेला, असे समजा. हनुवटी १९४.५ आणि माथा २०५.५ सें. मी.वर. गुणोत्तर १.०६. हा फरक नजरेला जाणवतसुद्धा नाही.

चित्र डोक्याच्या खऱ्या आकाराएवढे काढले, तर तिसरा लोपबिंदू चित्राच्या मध्यापासून किती दूर पडतो, तेही काढता येते. डोळ्यापासूनचे अंतर भागिले कोनाचा टॅन्जंट, एवढेच गणित. ४० सें. मी.ला उत्तर येते सुमारे ६९ सें. मी. आणि २ मीटरला सुमारे साडेतीन मीटर. एवढ्या दूरच्या बिंदूकडे जाणाऱ्या रेषा कागदापुरत्या समांतरच असतात.

यावरून एक नियम लक्षात येईल. चेहरा खालून पाहिला, म्हणजे हनुवटीखालचा भाग आणि नाकपुड्या दिसतात. हा कोनाचा परिणाम. हनुवटी मोठी आणि कपाळ लहान दिसते, हा कोन आणि अंतर या दोहोंचा परिणाम. आणि अंतर वाढविले, की तो जवळजवळ नाहीसा होतो. माणसाच्या डोक्याला तिसरा लोपबिंदू लागतो, तो फार जवळून पाहताना. पुतळ्याचे तसे नाही. तो मुळातच मोठा असल्यामुळे दुरूनही लागतो. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात १९७४ साली उभारलेला छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. चौथऱ्याजवळ उभे राहून पाहा आणि मग बरेच मागे जाऊन पाहा. घोड्याच्या पायांच्या मानाने महाराजांचे मस्तक दोन वेळा वेगवेगळे दिसेल.

मोबाईलवर हात लांब करून स्वतःचा फोटो काढणाऱ्यांचीही हीच गत होते. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणिताने असे दाखविले, की सुमारे ३० सें. मी.वरून घेतलेल्या फोटोत नाकाची रुंदी चेहऱ्याच्या मानाने सुमारे ३० टक्के अधिक दिसते. दीड मीटरवरून हा दोष जवळजवळ उरत नाही. तेव्हा अशा फोटोवरून आपल्या नाकाबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

एका डोळ्याचे चित्र

हे कोडे जुन्या चित्रकारांनाही पडले होते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात पिएरो देल्ला फ्रांचेस्का या इटालियन चित्रकाराने यथार्थदर्शनावर ग्रंथ लिहिला आणि माणसाचे डोके बिंदूबिंदूंनी मोजून कागदावर कसे उतरावयाचे, ते त्यात दाखविले. जर्मनीतील आल्ब्रेख्त ड्यूररच्या १५२५ सालच्या पुस्तकात काचेतून पाहत माणसाचे चित्र काढणारा चित्रकार आहे. त्यात डोळा एका जागी स्थिर ठेवण्याची सोयसुद्धा आहे, कारण डोळा हलला, की चित्र बदलते.

आपल्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवीत. रंगवलेला महाल किंवा रस्ता समोरच्या खुर्चीवरून खोल दिसतो. अगदी कडेला बसलेल्याला तितका पटत नाही. यथार्थदर्शनाचे चित्र खरे असते, ते एका जागेवरून पाहणाऱ्या एका डोळ्यासाठी.

हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. खिडकीच्या बंद काचेपलीकडे बहिणीला किंवा मित्राला बसवा. एक डोळा मिटा, हनुवटी एखाद्या उंच डब्यावर टेकवून डोके स्थिर ठेवा आणि काचेवर स्केचपेनने चेहऱ्याची बाह्यरेषा, डोळे, नाक व ओठ गिरवा. प्रथम त्याला काचेजवळ बसवून आणि मग दोन मीटर मागे बसवून. दोन्ही आकृत्या पातळ कागदावर उतरवून घ्या आणि कपाळाची व हनुवटीची रुंदी मोजा. दुसरी आकृती लहान येईल. म्हणून मापांची तुलना न करता गुणोत्तरांची करा.

आमच्या मुलाने हेच केले. मग त्याने अंगणात पाट टाकला, आजीच्या डोळ्यांच्या पातळीत येईल असा, सहा हात मागे, आणि पुन्हा चित्र काढले. या वेळी कपाळावर कुंकवाला भरपूर जागा होती. आजीने ते चित्र देव्हाऱ्याशेजारी लावायला सांगितले. पहिले चित्र मात्र मी त्याला फाडू दिले नाही. त्याच्या मागे आम्ही लिहून ठेवले : "अंतर ४० सें. मी., खालून. बरोबर." परीक्षेच्या यादीत त्याचे नाव अजून होतेच, ते तसेच राहिले.