ओठ शिवला, पण टाळूचं काय?

माझ्या धाकट्या जावेला पहिला मुलगा झाला आणि घरात पेढ्यांऐवजी कुजबुज सुरू झाली. बाळाचा वरचा ओठ पार नाकपुडीपर्यंत दुभंगलेला. ‘ग्रहणात भाजी चिरली असेल हिनं,’ एक म्हातारी बोलून गेली. जावेनं ते ऐकलं अन् बाळाच्या तोंडावर दुपटं ओढलं.

मैत्रिणींनो, ही विळी आणि ग्रहण आधी मनातून काढून टाका! पोटातल्या बाळाचा ओठ ६-७ आठवड्यांच्या सुमारास जुळतो, टाळू १२व्या आठवड्यापर्यंत. कधीकधी ते जुळायचं राहतं. कधी आनुवंशिकता असते, कधी धूम्रपान, कधी फिटच्या काही गोळ्या (पण त्या आपल्या मनानं बंद करू नका हं, डॉक्टरांना विचारा). पुष्कळदा कारण सापडतच नाही. जगात साधारण ७०० बाळांमागे एक बाळ असं जन्मतं.

टाळू म्हणजे तेल भरायची नव्हे, तोंडाच्या आतलं छत. तिथं फट असली की बाळाला दूध ओढता येत नाही, नाकातून येतं. मग आईचं दूध काढून बोंडल्यानं किंवा चमच्यानं, बाळाला जवळजवळ बसतं धरून, थोडं थोडं पाजायचं. मधूनमधून ढेकर काढायची. वजन भरलं की साधारण ३ ते ६ महिन्यांत ओठाची शस्त्रक्रिया होते.

आमच्याकडे झाली. चेहरा इतका गोड दिसायला लागला की सगळे सुटलो म्हणालो. ‘वर्षाचा झाला की टाळूसाठी आणा,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण दिसत नाही ते कोण लक्षात ठेवतं? तीन वर्षांचा झाला तरी बोलणं गेंगाणं. ‘बाबा’ म्हणायला जाई आणि ‘मामा’ ऐकू येई. आम्ही हसत असू. मी शिक्षिका असून मलाही सुचलं नाही, याची बोच अजून आहे.

टाळू बोलणं फुटायच्या आत, वर्ष-दीड वर्षात शिवायचा असतो. शिवाय या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं. हाकेला ओ देत नाही म्हणून आम्ही त्याला हट्टी ठरवलं होतं! म्हणून प्लास्टिक सर्जन, बालरोगतज्ज्ञ, कान-नाक-घशाचे डॉक्टर, दंतवैद्य आणि बोलणं शिकवणारे स्पीच थेरपिस्ट अशा सगळ्यांनी मिळून मूल पाहायला हवं. अमेरिकेत लँकेस्टरला दंतवैद्य हर्बर्ट कूपर यांनी १९३८मध्येच असा दवाखाना काढला होता. आपल्याकडे २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषावर मोफत उपचार होतात. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात विचारा.

आमच्या पुतण्याचा टाळू उशिरा शिवला. नंतर दोन वर्षं जाऊ रोज संध्याकाळी कुकर लावून त्याच्याकडून ‘पपई, पतंग, बाबा’ म्हणवून घेत होती. आता तो आठ वर्षांचा आहे. पुढच्या वर्षी कमरेच्या हाडातला थोडा भाग घेऊन हिरडीतली फट भरायची आहे. त्याला काळजी एकच, तेव्हा नेमकी शाळेची सहल तर नसेल ना?