एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन : पदवीचे नाव आणि तिचे मोल

बारावीचा निकाल जवळ आला की अनेक घरांत परदेशी विद्यापीठांची माहितीपत्रके चाळली जाऊ लागतात. त्यांतील 'एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन' हे नाव पर्यावरणाची आस्था असलेल्या मुलांना साहजिकच भुरळ घालते. मात्र या नावाखाली पर्यावरणशास्त्र शिकवले जात नाही आणि ही पदवी घेऊन भारतात परतणाऱ्याला स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येईलच असेही नाही. शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी या दोन्ही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५९ मध्ये विल्यम वुर्स्टर यांच्या पुढाकाराने 'कॉलेज ऑफ एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन' स्थापन झाले. वास्तुकला, भूदृश्यरचना म्हणजेच लॅण्डस्केप आर्किटेक्चर आणि नगररचना हे तीन विषय तेथे एका छताखाली आले. इमारत, तिच्याभोवतीची जमीन आणि शहर यांचा सुटासुटा विचार करता येत नाही, ही त्यामागची भूमिका होती. 'एन्व्हायर्न्मेंट' या शब्दाचा येथील अर्थ अरण्य किंवा प्रदूषण एवढाच नव्हे, तर माणूस ज्यात वावरतो तो सारा परिसर असा आहे. पुढे १९६९ मध्ये इयान मॅकहार्ग यांचे 'डिझाइन विथ नेचर' हे पुस्तक आले. जमिनीचा उतार, माती, पाण्याचे प्रवाह, झाडोरा यांचे वेगवेगळे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून बांधकाम कोठे करावे आणि कोठे टाळावे हे ठरवण्याची त्यांची पद्धत विद्यार्थी आज संगणकावर शिकतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झेललेल्या मुंबईकरांना या नकाशांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

वर्गातील सुरुवात बहुधा सूर्यापासून होते. दक्षिणेच्या खिडकीवर योग्य मापाचा छज्जा असला की उंचावरचे कडक ऊन अडते आणि हिवाळ्यातले तिरपे ऊन आत येते. पश्चिमेला हाच छज्जा कुचकामी ठरतो, कारण कललेला सूर्य त्याच्या खालून थेट खोलीत शिरतो. तेथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा एखादे डेरेदार झाड लागते. उत्तरेच्या खिडकीला ऊन लागतच नाही, असा आपला समज असतो. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, हे कळले की तोही मोडतो. नागपुरात खोली गार करणारा वाळ्याचा कूलर मुंबईत का चालत नाही, हेही येथेच उलगडते. कोरड्या हवेत पाण्याची झपाट्याने वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते; दमट हवेत ते फारसे घडत नाही. म्हणून मुंबईच्या घराला समोरासमोर खिडक्या हव्यात. पश्चिमेला काचेची भिंत उभारायची आणि मग वातानुकूलनाचे बिल भरत राहायचे, ही आपल्या शहरांतली रीत पाहता हा पहिल्या वर्षाचा धडा अनेक बिल्डरांनीही गिरवण्यासारखा आहे.

आता पदवीच्या मोलाविषयी. अमेरिकेतील कोलोरॅडो (बोल्डर) आणि कॅनडातील मॅनिटोबा या विद्यापीठांत 'बॅचलर ऑफ एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन' ही चार वर्षांची पदवी मिळते. ती पुढच्या व्यावसायिक शिक्षणाची पायरी आहे; वास्तुविशारद होण्यासाठी त्यानंतर पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. भारतात १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कायद्याचे हे बंधन उपाधीवर आहे, आराखडे करण्याच्या कामावर नाही. मात्र नोकरीच्या जाहिरातीत किंवा निविदेत नोंदणीकृत वास्तुविशारदच हवा असेल, तर निव्वळ या पदवीवर भागणार नाही. कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या घराच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. आपण निवडलेली परदेशी पदवी नोंदणीसाठी ग्राह्य आहे का, याची विचारणा प्रवेशापूर्वीच काउन्सिलकडे लेखी करावी.

देशातला रस्ता लांबचा असला तरी अधिक सरळ आहे. बारावीला भौतिकशास्त्र व गणित, त्यानंतर 'नाटा'सारखी अभिरुची चाचणी, पाच वर्षांची बी. आर्क. आणि मग दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अॅण्ड आर्किटेक्चरमध्ये भूदृश्यरचना शिकवली जाते; पुण्याच्या डॉ. भानुबेन नानावटी महाविद्यालयात पर्यावरणीय वास्तुकलेचा अभ्यासक्रम आहे. पाच वर्षांत रात्रीची जागरणे, पुठ्ठ्याची मॉडेल्स आणि ज्युरीपुढे झालेली आराखड्याची चिरफाड यांतून कोणाचीही सुटका नाही. निसर्गाची आवड आहे, पण पेन्सिल हाती धरायचा कंटाळा आहे, अशा मुलांनी पर्यावरणशास्त्राकडे वळावे.

कामाची संधी कायद्यानेही वाढवली आहे. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी आली; २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आली. भिंती, छत आणि काचेतून किती उष्णता घरात शिरावी, याच्या मर्यादा तिने घालून दिल्या आहेत. ते गणित मांडणारी आणि त्यानुसार खिडकीची जागा बदलायला लावणारी माणसे आता वास्तुविशारदांच्या कार्यालयांना हवी आहेत.