पोलीस दलात अल्पसंख्याकांना न्याय : उत्तर आयर्लंडचा अनुभव

पोलीस हे शासनाचे जनतेला दररोज दिसणारे रूप होय. गणवेशातील माणूस आपलाही आहे, असा विश्वास समाजातील प्रत्येक घटकास वाटणे अगत्याचे असते. तो विश्वास उडाला की साक्षीदार पुढे येत नाहीत, तक्रारी नोंदविल्या जात नाहीत आणि शांततेचा सारा भार शस्त्रबळावर पडतो. या दृष्टीने उत्तर आयर्लंडमध्ये झालेला प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे.

तेथील रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी हे दल १९२२ साली स्थापन झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस या दलात कॅथलिकांचे प्रमाण अवघे ८ टक्क्यांच्या आसपास होते. लोकसंख्येत मात्र ते ४० टक्क्यांहून अधिक होते. जे थोडे कॅथलिक दलात होते, त्यांची दुहेरी कुचंबणा होई. स्वसमाजातील अनेकजण त्यांना परके मानीत, तर सशस्त्र गट त्यांच्या जिवावर उठत. कॅथलिक गावांतून लोकप्रिय असलेल्या गेलिक क्रीडासंघाचे दारही नियमानेच पोलिसांना बंद होते.

१० एप्रिल १९९८ रोजी झालेल्या शांतता करारान्वये ख्रिस पॅटन यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग नेमण्यात आला. सप्टेंबर १९९९ मध्ये सादर झालेल्या अहवालात १७५ शिफारशी होत्या. त्यांतील सर्वांत महत्त्वाची शिफारस सेवाप्रवेशाविषयी होती. पात्रता परीक्षा सर्वांना एकच. परंतु उत्तीर्ण उमेदवारांमधून निम्मे कॅथलिक आणि निम्मे इतर समाजांतील घ्यावेत, असे ठरले. त्यासाठी २००० साली कायदा झाला. नोव्हेंबर २००१ मध्ये दलास नवे नाव मिळाले आणि त्यानंतर नवे बोधचिन्हही मिळाले. राजमुकुटाबरोबर आयरिश परंपरेतील वीणा व त्रिदल पर्णही त्यात अंतर्भूत करण्यात आले.

केवळ संख्या वाढविल्याने न्याय होत नाही, हेही आयोगाने ओळखले होते. म्हणून मूलभूत मानवी हक्कांचे रक्षण करण्याची आणि सर्व व्यक्तींचा, त्यांच्या परंपरांचा व श्रद्धांचा समान आदर राखण्याची शपथ प्रत्येक नव्या शिपायास देण्यात येऊ लागली. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी दलाबाहेरील स्वतंत्र लोकपालाकडे सोपविण्यात आली. समाजानेही प्रतिसाद दिला. क्रीडासंघाने २००१ साली आपली बंदी उठविली, तर शिन फेन पक्षाने जानेवारी २००७ मध्ये पोलीस दलास पाठिंबा देण्याचा ठराव संमत केला.

या पद्धतीवर आक्षेपही आले. परीक्षा उत्तीर्ण होऊनही नियुक्ती न मिळालेल्या प्रॉटेस्टंट तरुणांना आपल्यावर अन्याय झाला असे वाटणे स्वाभाविक होते. प्रकरण न्यायालयात गेले. तेथे ते आव्हान टिकले नाही. तथापि हा उपाय कायमचा नसावा, हे प्रारंभापासूनच मान्य होते. मार्च २०११ मध्ये तो संपुष्टात आला, तेव्हा कॅथलिकांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर पोहोचले होते. त्यानंतर मात्र ही वाढ मंदावली.

या वाटचालीची किंमतही मोजावी लागली. २ एप्रिल २०११ रोजी ओमा या गावी २५ वर्षांचा एक कॅथलिक शिपाई मोटारीखाली पेरलेल्या बॉम्बने ठार झाला. त्याच्या अंत्ययात्रेत क्रीडासंघाचे सदस्य आणि पोलीस या दोहोंनी शवपेटीस खांदा दिला. दहा वर्षांपूर्वी ज्या संघाचे दार पोलिसांना बंद होते, त्याच संघाने हे घडवावे, यात परिवर्तनाचे मर्म सामावलेले आहे.

अल्पसंख्य समाजातील पोलिसास न्याय आणि त्याच्या समाजास न्याय या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. शासनाने प्रवेशाचे दार उघडावे, दलाने सन्मानाने वागवावे आणि समाजाने आपल्या मुलामुलींच्या पाठीशी निर्भयपणे उभे राहावे. यांपैकी एक जरी दुवा निखळला, तरी उरलेले दोन अपुरे पडतात. अनेक धर्म व भाषा शेजारी नांदणाऱ्या प्रत्येक प्रदेशाने हा बोध ध्यानी घेण्यासारखा आहे.