वाद्ये काढली, ठेका राहिला

त्रिनिदाद या कॅरिबियन बेटाच्या कार्निव्हलमध्ये ट्रकवर रचलेल्या स्पीकरांतून जे संगीत दणाणते, त्याला ‘सोका’ म्हणतात. त्याचा जनक गारफिल्ड ब्लॅकमन. उंची सहा फुटांहून जास्त आणि मंचावरचे नाव ‘लॉर्ड शॉर्टी’, म्हणजे बुटका. कॅलिप्सो या तिथल्या जुन्या गानप्रकाराच्या गायकांना असली थट्टा फार आवडते.

जन्म १९४१ चा, बेटाच्या दक्षिणेकडील लेंगुआ गावातला. भोवती भारतीयांची वस्ती. १८४५ ते १९१७ या काळात करारबद्ध मजूर म्हणून ऊसमळ्यांवर आणलेल्या या लोकांतले बहुतेक भोजपुरी मुलखातले. त्यांच्या लग्नकार्यांत ढोलक वाजे आणि तिच्या जोडीला धनताल. धनताल म्हणजे एक लांब लोखंडी सळई. ती उभी धरायची आणि नालासारख्या वाकवलेल्या तुकड्याने तिच्यावर टणटण ताल धरायचा. कृष्णवर्णीय शॉर्टीचे कान या आवाजावरच तयार झाले.

१९७० च्या सुमारास तरुण मंडळी अमेरिकी सोल आणि जमैकाच्या रेगेकडे वळली होती. कॅलिप्सोची सारी मदार शब्दांवर, टोमण्यांवर. शॉर्टीने हात घातला तो ठेक्याला. १९७३ च्या ‘इंद्राणी’ गाण्यात त्याने भारतीय वाद्येच वापरली. कॅलिप्सो बाटवला, अशी ओरड झाली. तेव्हा त्याने वाद्ये काढली, पण त्यांची लय ड्रमसेट, बेस आणि गिटार यांच्यात वाटून दिली. १९७४ च्या ‘एंडलेस व्हायब्रेशन्स’वर लोक मनसोक्त नाचले; ज्या ठेक्यावर आक्षेप होता, तोच आता कोणाला खटकला नाही. संगीतकाराची खरी चलाखी इथे दिसते.

या प्रकाराला त्याने ‘सोकाह’ म्हटले. त्यातला ‘का’ भारतीय वर्णमालेच्या पहिल्या व्यंजनावरून घेतल्याचे तो सांगे. छापील लिखाणात पुढे ‘सोका’ हेच रूढ झाले.

१९७८ मध्ये लॉर्ड किचनरसारख्या ज्येष्ठ कॅलिप्सो गायकाने ‘शुगर बम बम’ हे सोका गीत गाजवले. माँटसेराटच्या ॲरोचे ‘हॉट हॉट हॉट’ १९८२ चे. ते तर जगभर वाजले.

शॉर्टी मात्र तोवर या झगमगाटाला विटून पिपारोच्या रानात राहायला गेला होता. ‘रास शॉर्टी आय’ हे नवे नाव घेऊन तो ‘जामू’ नावाचे भक्तिसंगीत रचू लागला. २००० साली त्याचे निधन झाले. त्याने गाण्यातून काढलेली ढोलक आणि धनताल १९८० च्या दशकात ‘चटणी सोका’ या भारतीय वळणाच्या सोकात परत आली. द्रौपदी रामगुनाई या गायिकेच्या १९८७ च्या गाण्याचे नावच ‘चटणी सोका’ होते.