आजारपणानंतरचा आहार आणि पेप्टाइडची भुकटी

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे शहर. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील कारखान्यातील पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली. कामाच्या निमित्ताने अनेक प्रांतांतील कुटुंबे तेथे स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. पोलाद तयार करताना तप्त लोहरसात थोडे भंगार टाकतात. ते जुन्या बादलीचे असो वा तुटक्या रुळाचे, वितळल्यावर त्याचा मूळ आकार उरत नाही. आपण खाल्लेल्या प्रथिनांचेही पोटात बहुतांशी असेच होते.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या. आखूड साखळीला पेप्टाइड म्हणतात. न्यूमोनिया किंवा क्षयरोगातून उठणाऱ्या माणसाला ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे पेप्टाइड’ असलेल्या भुकटीचा महागडा डबा अनेकदा सुचवला जातो. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे प्रथिनांचीच असल्यामुळे हे कुणालाही पटते. परंतु गिळलेल्या पेप्टाइडचे जठरात व लहान आतड्यात तुकडे होतात आणि रक्तात पोहोचतात ती मुख्यतः सुटी अमिनो आम्ले. इन्सुलिन हे 51 अमिनो आम्लांचे पेप्टाइडच आहे. ते गिळले तर पचून जाते. म्हणूनच मधुमेही व्यक्ती ते टोचून घेते.

आजारात स्नायू झिजतात, त्यामुळे अमिनो आम्ले हवीतच. पण ती डाळ, चणे, अंडी, दूध, मासे यांतूनही मिळतात. तांदळात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. साध्या वरणभाताने ही उणीव भरून निघते.

छत्तीसगडच्या शेजारी झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, असा शिधा न मिळालेल्या कुटुंबीयांच्या तुलनेत त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी होते. क्षयरुग्णाला उपचारकाळात आहारासाठी शासनाकडून निक्षय पोषण योजनेखाली पैसे मिळतात. 2018 मध्ये दरमहा 500 रुपये असलेली ही रक्कम नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाली. ती एका डब्यावर संपवण्यापेक्षा डाळ आणि अंड्यांवर खर्च केलेली बरी. औषधे मात्र आहाराबरोबर चालूच ठेवावी लागतात.

आतड्याचे गंभीर विकार असलेल्या किंवा नळीने अन्न घेणाऱ्या काही रुग्णांना डॉक्टर आधीच तोडलेली प्रथिने देतात. त्यांच्या बाबतीत तो खरोखर उपचार असतो. याउलट, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यास जादा प्रथिने अपायकारक ठरू शकतात. त्याने अशी कोणतीही भुकटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.