घर पाहण्याआधीची भेट

घरखरेदीची वाट : लेखांक चौथा

गेल्या लेखांकात आपण घरासाठी उभ्या करावयाच्या रकमेचा, म्हणजे हाताशी असलेली शिल्लक, बँकेचे कर्ज आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च या तिहींचा, हिशेब मांडला. हा हिशेब जमला की बहुतेक कुटुंबे लगोलग घरे पाहावयास निघतात, आणि येथेच, माझ्या मते, एक महत्त्वाची पायरी गळते. ज्याच्यामार्फत घर पाहावयाचे त्या एजंटाची निवांत बसून, कागद पुढे ठेवून भेट घेतली पाहिजे, आणि तीही कोणत्याही घराचे कुलूप उघडण्याच्या आधी.

खानापूर तालुक्यात या भेटीचे महत्त्व अधिक आहे, कारण येथे घर किंवा प्लॉट शोधणारा मनुष्य पुष्कळदा गावात राहत नसतो. पलटणीतून निवृत्तीला आलेला सुभेदार, गोव्यात उमेदीची वर्षे घालविलेला कामगार, पुण्या-मुंबईत स्थिरावलेला पण उतारवयात मलप्रभेकाठी येऊन राहण्याची इच्छा धरणारा नोकरदार, यांना रजा मिळते ती गणपतीची नाहीतर मे महिन्याची, चार-आठ दिवसांची. आणि त्या मोजक्या दिवसांत भाऊबंदांच्या मोटारसायकलवरून पाच-सहा जागा पाहून, जाता जाता इसार देऊन मोकळे व्हावे, असा सारा बेत असतो. ज्याच्यापाशी वेळ थोडा, त्याने तर घरे आधी पाहूच नयेत. एकदा परसात तुळस कोठे लावावयाची हे घरच्यांनी ठरविले आणि आईने देवघराचा कोनाडा पाहून समाधानाने मान डोलावली, की त्या घराच्या उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत हा प्रश्न विचारण्याचे बळ कर्त्या माणसात उरत नाही. आणि विचारलाच, तर मिळालेले उत्तर तो आपल्या मनाजोगते करून ऐकतो. अशा वेळी ‘दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार आहे’ एवढे एक वाक्य इसाराची रक्कम बाहेर काढावयास पुरेसे होते.

त्यात कागदांची अडचण वेगळीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव जिल्ह्याबरोबर खानापूरही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि पुढे महसुलाचे दप्तर कन्नडमधून चालू लागले. त्यामुळे आजोबांच्या पेटीतले खरेदीखत मोडीत, वडिलांच्या वेळचे वाटणीपत्र बाळबोधीत आणि आजचा उतारा, पंचायतीचा नमुना व उपनिबंधक कचेरीतला दस्त कन्नडमध्ये, असा एकाच मिळकतीचा इतिहास तीन लिप्यांत विखुरलेला आढळतो. बाजारातली कन्नड ज्याला उत्तम समजते अशा मराठी माणसालाही कचेरीची कन्नड वाचता येतेच असे नाही. मग कागदात काय आहे हे त्याला सांगतो कोण? बहुधा एजंट किंवा त्याच्या ओळखीचा बाँड रायटर, म्हणजे व्यवहार पार पडण्यावर ज्यांची मिळकत अवलंबून आहे अशीच माणसे. ती अप्रामाणिक असतात असे मी मुळीच म्हणत नाही. या तालुक्यात दोन पिढ्यांचा विश्वास राखून असलेले मध्यस्थही आहेत. परंतु घर पाहण्याआधी कागदांच्या प्रती मागून घ्याव्यात, आणि या व्यवहाराशी ज्याचा काडीचाही संबंध नाही अशा जाणकाराकडून, मग तो बेळगावचा वकील असो की शेजारचा कन्नड शाळेतला निवृत्त मास्तर असो, त्या आधी वाचून घ्याव्यात. चांगल्या एजंटाला ही मागणी खटकत नाही. उलट त्याचे काम सोपे होते.

कागद मागावयाचे म्हणजे कोणते, हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. खेड्यातील घर असेल तर ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तू प्रणालीतून निघालेला नमुना ९ आणि त्याच्या जोडीचा ११अ. या ठिकाणी ‘११ब’ पुढे आला तर तेथेच थांबून खुलासा मागावा, कारण तो नमुना रीतसर मंजुरी नसलेल्या मिळकतींना दिला जातो आणि बँका सहसा त्यावर कर्ज देत नाहीत. खानापूर शहरातील जागा असेल तर पट्टण पंचायतीचा ई-खाता. शेतजमिनीतून पाडलेला प्लॉट असेल तर १९६४च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली झालेला बिगरशेतीचा हुकूम, त्याबरोबर मंजूर रेखांकन, आणि मूळ उतारा. त्या उताऱ्यात नवव्या रकान्यात मालकाचे नाव आणि अकराव्यात इतर हक्क व बोजे असतात. सोसायटीचे पीककर्ज, कोर्टाचा मनाईहुकूम किंवा सरकारी शर्त जी काही असेल ती याच अकराव्या रकान्यात लपून बसलेली असते. शिवाय उपनिबंधक कचेरीतून निदान ३० वर्षांचे ऋणभार प्रमाणपत्र, म्हणजे लोक ज्याला ‘ई.सी.’ म्हणतात ते. त्यातील नमुना १५ वर त्या मुदतीतील नोंदलेले व्यवहार येतात आणि काहीच व्यवहार नसल्यास नमुना १६ मिळतो. या सर्वांसाठी घराच्या उंबऱ्यापर्यंत जाण्याची गरज पडत नाही, सर्व्हे नंबर किंवा मिळकत क्रमांक पुरतो. आणि ज्या एजंटाला तो क्रमांक सांगावयास अडचण वाटते, त्याच्याबरोबर रणरणत्या उन्हात हिंडण्यात काय हशील?

बाँडवरच्या प्लॉटांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. शेतातले दोन-तीन गुंठे शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून देण्याघेण्याची रीत आपल्या भागात फार पसरली आहे, आणि ‘सगळे असेच घेतात’ हे तिचे समर्थन असते. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२चा कायदा मात्र कलम ५४ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगतो, की १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. बाँडवर पैसे दिलेल्या माणसाच्या हाती मालकी येत नाही. येते ती केवळ वादाची सामग्री. एजंटाला पहिल्याच भेटीत ‘बाँडवरची जागा मला दाखवू नका’ असे सांगून टाकल्यास निम्म्या फेऱ्या आणि निम्मे मोह आपोआप टळतात.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. जमिनीचे मात्र दोन्ही विचारावे. ही जमीन पूर्वी वतनाची होती काय, म्हणजे १९६१च्या ग्रामाधिकार निर्मूलन कायद्यानंतर ती शर्तींवर परत मिळालेली आहे काय. १ मार्च १९७४ नंतर कुळाला हक्क मिळून ती आली काय. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाला सरकारने दिलेली आहे काय? शेवटच्या प्रकारात १९७८चा कर्नाटकाचा कायदा सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय झालेली खरेदी रद्द ठरवून जमीन मूळ कुटुंबाला परत देऊ शकतो, आणि ते न्याय्यही आहे. पण खरेदीदाराने भरलेली रक्कम त्यात बुडते. कणकुंबी-जांबोटीकडच्या जागा असतील तर वनखात्याच्या हद्दीचा प्रश्न आलाच, कारण २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाल्यापासून त्या रानाकडच्या मिळकतींची चौकशी अधिक काटेकोरपणे करावी लागते. आपल्या भागाची माहिती असलेला एजंट ही उत्तरे बसल्या जागी देतो, आणि त्याच्या उत्तरांवरूनच तो किती पाण्यात आहे हे कळते.

पण खानापुरातल्या घरांचे सर्वांत जास्त व्यवहार कोठे अडत असतील, तर ते बहिणींच्या सह्यांवर, असे मला वाटते. वडिलोपार्जित घर थोरला भाऊ विकावयास काढतो. उताऱ्यावर तीन भावांची नावे असतात. बहिणी कोणी निपाणीस, कोणी गोव्यात, कोणी कोल्हापुरास दिलेल्या. त्यांची नावे कागदावर नसली तरी त्यांचा हक्क असतो. कर्नाटकाने १९९४ साली त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना आणि ९ सप्टेंबर २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने सर्वच मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः समान हिस्सा दिला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, २००५ साली वडील हयात असले पाहिजेत ही अट नाही, असा निर्वाळा दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदणीकृत वाटणी किंवा न्यायालयाचा हुकूमनामा झालेला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ‘वंशावळ दाखवा, आणि सर्व बहिणी सहीला येतील काय हे मालकाला विचारून ठेवा’ असे एजंटाला सांगणे हा पहिल्या भेटीतला अत्यावश्यक भाग होय. घर पसंत पडल्यावर हा प्रश्न निघाला, तर भावंडांच्या जुन्या दुखऱ्या गोष्टी उकरल्या जातात आणि अनोळखी गिऱ्हाईक त्यांच्या मध्ये उभे राहते. आधी निघाला, तर बहिणींचा मान राहतो, आणि तो राहिलाच पाहिजे.

घराच्या अंगच्या काही गोष्टीही न पाहता विचारता येतात. मे महिन्यात चिऱ्याच्या भिंती कोरड्या खडखडीत असतात आणि कौले लाल दिसतात. त्याच घरात आषाढात पश्चिमेच्या भिंतीला कमरेइतकी ओल चढते. पेठेतल्या जुन्या कौलारू घरांत तर पागोळ्यांचा प्रश्न हमखास असतो. दोन घरांमधली बोळ हातभर रुंदीची, आपल्या छपराचे पाणी शेजाऱ्याच्या जोत्यावर पडते, आणि ते २० वर्षे विनाहरकत पडत आले असेल तर सुविधाधिकारांच्या १८८२च्या कायद्याप्रमाणे तो वहिवाटीचा हक्क ठरू शकतो. परंतु उद्या तेथे स्लॅबचे घर बांधावयाचे म्हटले, की शेजारी जुना हिशेब काढतो. भिंत सामाईक आहे काय, पागोळी कोणाच्या हद्दीत पडते, २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात पाणी कोठवर आले होते, हे प्रश्न एजंटाने मालकाला आणि शेजाऱ्याला आधी विचारून ठेवावेत, असे त्याला सांगावे.

आता मूळ मुद्दा : हा एजंट माणूस कोणाचा? आपल्याकडे तो दोन्ही बाजूंकडून एक-दोन टक्के घेतो, आणि त्यामुळे कोणाच्या हिताला तो बांधलेला आहे हे संदिग्ध राहते. १८७२चा भारतीय करार कायदा या बाबतीत आजही उपयोगी आहे. अभिकर्ता नेमण्यास मोबदला लागत नाही, असे त्याचे कलम १८५ सांगते. नेमलेल्याने मागताच हिशेब दिला पाहिजे, असे २१३. आणि आपल्या अपरोक्ष त्याने स्वतःसाठीच व्यवहार केला तर त्यातला लाभ मागण्याचा अधिकार नेमणाऱ्याला आहे, असे २१६. म्हणजे मालकाने सांगितलेल्या किमतीवर गुपचूप वर रक्कम चढवून ती खिशात घालणारा एजंट जर आपण नेमलेला असेल, तर आपल्याला दाद आहे. परंतु तो आपण नेमला होता हे कोठे तरी लिहिलेले पाहिजे. साध्या कागदावर, तो आपल्यासाठी काम करतो, दलाली किती, दुसऱ्या बाजूकडून घेणार असेल तर तेही, एवढ्या चार ओळी आणि दोघांच्या सह्या पुरेत. अमेरिकेत मोठ्या खटल्यातील तडजोडीनंतर १७ ऑगस्ट २०२४ पासून, खरेदीदाराला घर दाखविण्यापूर्वी त्याच्याशी दलालीच्या रकमेसह लेखी करार करणे तेथील प्रमुख संघटनेच्या एजंटांना बंधनकारक झाले आहे. न्यू जर्सीत घर घेणारी मराठी कुटुंबे आता अशा कागदावर सही करूनच घरे पाहावयास निघतात. त्यांना जे नियमाने करावे लागते ते आपण शहाणपणाने करावे.

आपल्या देशात २०१६च्या रेरा कायद्याने एजंटाची नोंदणी आवश्यक केली आहे, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली जागा विकण्यास त्याला मनाई केली आहे, आणि सर्व कागद गिऱ्हाइकाला मिळवून देण्याचे कर्तव्य त्याच्यावर घातले आहे. लेआउटमधला प्लॉट किंवा अपार्टमेंट घेणाऱ्याने कर्नाटक रेराचा नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे जवळजवळ पाच गुंठ्यांपर्यंतची योजना किंवा आठापर्यंत सदनिका असलेली इमारत त्या कायद्याच्या नोंदणीबाहेर राहते, आणि गावातले जुने घर तर प्रकल्पच नव्हे. खानापुरातले बहुसंख्य व्यवहार असे कायद्याच्या छत्राबाहेरचे असल्यामुळेच या पहिल्या भेटीवर मी इतका भर देत आहे.

भेटीस जाताना घरात प्रत्यक्ष राहणारी माणसे बरोबर असावीत, केवळ पैसे भरणारा नव्हे. पाणी कोणत्या महिन्यात आटते, बेळगावच्या बसचा थांबा किती अंतरावर आहे, गुडघे दुखणाऱ्या आईला पायऱ्या किती, या गोष्टी त्यांनाच आठवतात; आणि एजंटाने त्या ऐकून घेतल्या, की दहा घरांऐवजी तीनच घरे पाहावी लागतात. पैशाचेही तेव्हाच बोलून घ्यावे. इसार रोखीने देऊ नये. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक इसार रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. आणि दलाली एकरकमी न ठरविता, अर्धी खरेदीखताची नोंदणी झाल्यावर आणि उरलेली अर्धी आपले नाव खात्यावर चढल्यावर, असे ठरवावे. खरेदीनंतर नाव चढविण्यासाठी पंचायतीच्या आणि तलाठ्याच्या दारी घालाव्या लागणाऱ्या खेपा कोणी घालावयाच्या, हा वाद त्यामुळे उद्भवतच नाही, आणि रजा संपवून पलटणीवर किंवा मुंबईस परतलेल्या माणसाला तेवढी निश्चिंती पुरते.

उताऱ्याचा अकरावा रकाना आणि ऋणभार प्रमाणपत्र ओळीने कसे वाचावे, हे पुढील आठवड्यात पाहू.