गाळातला अकराशे वर्षांचा पाऊस

केनियातलं नैवाशा सरोवर आज काठावरच्या गुलाबशेतीसाठी ओळखलं जातं. हवामानाच्या अभ्यासकांना मात्र ओढ आहे ती त्याच्या तळाच्या गाळाची. त्या भागात पाऊस मोजायला लागून जेमतेम सव्वाशे वर्षं झाली. त्याआधी किती पडला, हे विचारायचं तर डायटमना विचारावं लागतं.

डायटम ही पाण्यातली एकपेशीय शैवालं. पाण्यात विरघळलेली सिलिका घेऊन ती स्वतःभोवती काचेसारखं कवच घडवतात, झाकणाच्या डबीसारखं दोन भागांचं. शैवाल मरतं, कवच तळाशी जाऊन टिकतं आणि त्यावरच्या नक्षीवरून जात ओळखता येते. काही जातींना गोडं पाणी लागतं, काही खारटपणा सोसतात. पाऊस ओढ देतो तेव्हा सरोवर आटतं, क्षार वाढतात आणि गाळात पडणाऱ्या कवचांची जातकुळी बदलते. आजच्या कितीतरी तलावांत कोणती जात किती खाऱ्या पाण्यात राहते ते आधी तपासलेलं असतं. त्याच्याशी ताडून जुन्या पाण्याची क्षारता काढतात. थरांचं वय शिसे-२१० आणि कार्बन-१४ सांगतात.

नैवाशाचा असा अभ्यास डिर्क फेरशुरेन, कॅथलीन लेअर्ड आणि ब्रायन कमिंग यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये मांडला. गाळ घेतला तो क्रेसंट बेटालगतच्या, पाण्यात बुडालेल्या ज्वालामुखीच्या विवरातून. जागेची ही निवड मला फार नेमकी वाटते. पाणी खूप उतरलं की हे विवर मुख्य सरोवरापासून तुटतं आणि त्यातलं पाणी खारं होत जातं. पण फार खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात डायटमची कवचंच विरघळू लागतात. म्हणजे दुष्काळ जितका कडक, तितका पुरावा विरळ. म्हणून दुसरा साक्षीदार घेतला: पाण्यात वाढणाऱ्या कायरोनॉमिड माश्यांच्या अळ्यांची गाळात उरलेली डोक्याची कवचं.

साधारण १००० ते १२७० हा काळ आजच्यापेक्षा बराच कोरडा निघाला. पुढे १८५० पर्यंत, युरोप गारठलेला असताना, इथे एकंदरीत पाऊसपाणी बरं होतं. पण त्यातही सुमारे १३८० ते १४२०, १५६० ते १६२० आणि १७६० ते १८४० असे तीन दीर्घ कोरडे काळ आले. विसाव्या शतकातला कोणताही दुष्काळ त्यांच्याइतका तीव्र नव्हता. शंभर वर्षांच्या नोंदींवर विसंबून पाण्याचं नियोजन करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पूर्व आफ्रिकेतल्या समाजांनी आपला इतिहास पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपला. दुष्काळ, उपासमार, राज्यांतली बंडाळी, अख्ख्या जमातींची स्थलांतरं हे सगळं त्यात आहे. राजांच्या आणि पिढ्यांच्या याद्यांवरून इतिहासकारांनी या घटनांचे काळ ठरवले होते. ते गाळातल्या कोरड्या काळांशी जुळले. भरभराटीचे आणि स्थैर्याचे दीर्घ काळ ओल्या थरांशी.